अर्ध्या पुठ्ठ्यावरची माय

श्रावण थूल पुलगावला राहतो आणि गेली पंधरा वर्षं मेलेल्या माणसांच्या करमणुकीची यंत्रं दुरुस्त करतो.

दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत ही यंत्रं संध्याकाळी घरातल्या घरात हातोहात फिरत. लाकडाची एक दांडी, तिच्या टोकाला डोळ्यांवर बसणारा पत्र्याचा टोप, टोपात दोन भिंगं, आणि समोर दांडीवर मागेपुढे सरकणारी एक पट्टी. पट्टीत पुठ्ठा अडकवायचा. पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी दोन फोटो, दिसायला अगदी सारखे. डावा डोळा डावीकडचा फोटो बघतो, उजवा उजवीकडचा. मग डोक्याच्या आत कुठेतरी ते दोन्ही एकमेकांवर बसतात आणि डोंगर मागे जातो, झाड पुढे येतं, आणि झाड नि डोंगर यांच्यामध्ये एखादा कोट घातलेला माणूस हवेत श्वास घेतल्यासारखा उभा राहतो. जमवणारे लोक त्याला स्टिरिओस्कोप म्हणतात. कुरियरवाला दुर्बीण म्हणतो. श्रावण नुसतं नग म्हणतो. नागपूरहून एक नग आला. पुण्याहून दोन नग आले, एकाची दांडी मोडली.

कधी जादूचा कंदील येतो, कधी आतून पळते घोडे चिकटवलेलं आणि बाहेरून फटींतून बघायचं गोल पिंप येतं. पण त्याचा हात बसला तो स्टिरिओस्कोपवर. जमवणाऱ्यांच्या अटी त्याला पाठ आहेत. नवा स्क्रू नको, जुनाच हवा. गंज घासू नका. टोपाच्या कडेची मखमल झिजली असेल तर झिजू द्या, ती कोणाच्या तरी कपाळाने झिजली आहे. पहिल्यांदा हे ऐकून त्याला हसू आलं होतं. नंतर त्याने गंज जपायला शिकून घेतलं.

त्याआधी तीस वर्षं तो पुलगावच्या एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासत होता. पाणी, कुरुंदाची पूड, फिरतं चाक आणि अंगठा. मग वर्ध्याला मशीन आलं, काचा कापून तयार येऊ लागल्या. मालकाने त्याला पुढे फ्रेमा विकायला बसवलं. श्रावणला गोड बोलता येत नव्हतं. गिऱ्हाईकाला फ्रेम शोभत नसेल तर तो तसं सांगायचा.

अशात एक दिवस नागपूरचे एक रिटायर इंजिनीयर दुकानात आले. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. एक भिंग तडकलं होतं; तसंच, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ, असं भिंग कोणी घासून देईल का, असं ते विचारत होते. श्रावणने सहा दिवसांत दिलं. साहेब खूश झाले, त्यांनी पट्टीत एक पुठ्ठा अडकवला आणि म्हणाले, "बघा तर खरं, काय दुरुस्त केलंत."

कुठल्या तरी नदीवरचा दगडी पूल होता. श्रावणने बघितलं. कमानीखालचं पाणी पार पलीकडे गेलेलं, पुलाचा कठडा हाताला लागेल इतका जवळ. मग त्याने टोपावरून डोळे काढून पुठ्ठ्याकडे नुसतं बघितलं. दोन सारखे फोटो. पुन्हा टोपातून बघितलं. मग यंत्र काउंटरवर ठेवून तो दुकानामागे गेला आणि चालू नळाखाली दोन्ही हात धरून बराच वेळ उभा राहिला. साहेबांना वाटलं, माणूस भारावून गेला.

भारावला नव्हता. आपण काय कापलं होतं ते त्याला त्या क्षणी समजलं होतं.

ते कापणं एक्याऐंशी सालचं. त्याची माय रुख्माबाई गेली आणि पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे पांगायच्या आत, चुलता नत्थूने घरातल्या चीजवस्तूचे हिस्से करायला घेतले. वारस दोघंच. श्रावण एकवीस वर्षांचा, आणि त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी बहीण कांता, जी वडनेरला दिली होती. बाप कधीच गेला होता. नत्थूकाकाचा नियम असा की हिस्सा चारचौघांच्या डोळ्यांसमोर झाला पाहिजे, आणि जे दोन होऊ शकतं त्याचे दोन झालेच पाहिजेत. गोधड्या दोन होत्या, एक-एक. शेळ्या दोन, एक-एक. तांब्याचा गुंड एकच, तर त्याच्यासमोर पितळेचं गंगाळ ठेवलं. शेवटी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा निघाला.

त्यात सहा पुठ्ठे होते. पुलगावात त्या काळी एका मिशनची म्हातारी मडम होती, तिच्या बंगल्यावर रुख्माबाई झाडझूड करायची, भांडी घासायची. अडुसष्ट साली मडम कायमची आपल्या देशी गेली तेव्हा तिने हा डबा रुख्माबाईला दिला. बघायचं यंत्र ती सोबत घेऊन गेली. त्यामुळे पुठ्ठ्यावर दोन-दोन फोटो कशाला, हे थूलांच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. पाच पुठ्ठ्यांवर बर्फाचे डोंगर, तळी, चर्च. सहाव्यावर रुख्माबाई. मडमनेच काढलेला, तिनेच चिकटवलेला. रुख्माबाईचा जगात तेवढा एकच फोटो.

नत्थूकाकाने पुठ्ठा उजेडात धरला. "एकावर दोन-दोन हायेत. एक फाटला त दुसरा राह्यला पाह्यजे, म्हणून काढत असतीन गोरे लोक. हुशार जात हाय बाप्पा. श्रावण, घे कैची, काप बरोबर मधातून. उद्या कोणी म्हणू नये का मले कमी भेटलं."

श्रावणने शिंप्याची कैची मागून आणली आणि सहाही पुठ्ठे कापले. सुतावर कापले. चष्म्याच्या दुकानात नुकताच लागला होता, रेघ सरळ मारायचा त्याला अभिमान होता. डावे अर्धे डावीकडे पडले, ते कांताने उचलले. उजवे त्याच्याकडे राहिले. चारचौघांनी माना डोलवल्या. आपल्या हातून आयुष्यात एवढं न्यायाचं काम दुसरं झालं नाही, असं त्याला पुढची अठ्ठावीस वर्षं वाटत होतं.

यंत्रातला तो दगडी पूल बघून आल्यावर त्या रात्री त्याने आपल्या वाटणीचा अर्धा पुठ्ठा डब्यातून काढला. माय बंगल्याच्या मागच्या तीन पायऱ्यांपैकी वरच्या पायरीवर उभी. मागे भिंत, बाजूला दाराचा काळोख. पदर डोक्यावर. चेहरा सरळ, नाकात चमकी. आणि उजवा हात पुढे केलेला. हा हात त्याने लहानपणापासून बघितला होता आणि कधी कळला नव्हता. फोटोत तो आखूड दिसायचा, कोपरापासून तुटल्यासारखा, आणि पंजाच्या जागी छातीवर चिकटवलेला एक पांढुरका गोळा. हात मडमच्या कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला असणार, म्हणून पुसट.

तो हात घे म्हणतो आहे, असं श्रावण धरून चालला होता. रुख्माबाई घरी येणाऱ्याच्या हातावर काही ना काही ठेवल्याशिवाय त्याला जाऊ देत नसे. बोरं, शेंगा, काही नसलं तर गुळाचा खडा. मडमलाही देत असेल. कांताचं म्हणणं वेगळं. ती लहानपणीही म्हणायची, "माय नको म्हणते. फोटो नको काढू म्हणते." फोटो काढला तेव्हा ती नऊ वर्षांची होती, श्रावण सहाचा. कांता तिथे होती की नव्हती हे तिला आठवत नव्हतं, पण ती म्हणायची.

आता त्याला ठाऊक झालं होतं की दोन अर्धे यंत्रात एकत्र ठेवले की हात हात होईल, पुढे येईल, आणि तो काय म्हणतो ते दिसेल.

दहा वर्षांपूर्वी तो वडनेरला गेला होता. सरळ सांगायची लाज वाटली. तो कांताला म्हणाला, "बाई, मायचा तुह्याजवळचा अर्धा फोटो मले दे. तुह्या काही कामाचा नाई." मोठ्या बहिणीला तो बाई म्हणतो. भाऊ जुन्या फोटोंच्या धंद्यात आहे आणि शहरातले लोक असल्या फोटोंना वाट्टेल ते देतात, असं कांताच्या कानावर कोणीतरी घातलं होतं. ती उभी राहिली आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मायलेबी विकून राह्यला का रे?" श्रावण तसाच परत आला. तेव्हापासून लग्नाकार्यात समोरासमोर आले तर जयभीम, एवढंच.

मग डोळा.

यंत्र जुळलं की नाही हे तपासायची श्रावणची स्वतःची रीत आहे. त्याने एक पुठ्ठा बनवला आहे, डावीकडे एक वर्तुळ, उजवीकडे एक ठिपका. भिंगं नीट बसली असतील तर ठिपका वर्तुळाच्या बरोबर मध्ये येऊन थांबतो. जानेवारीत नागपूरच्या साहेबांचा एक नग आला, अक्रोडाच्या लाकडाचा, देखणा. श्रावणने भिंगं बसवली, पुठ्ठा लावला, बघितलं. ठिपका होता. वर्तुळ नव्हतं. त्याने डावं भिंग काढलं, पुसलं, लावलं. वर्तुळाचा एक तुकडा दिसला, नखाएवढा. पुन्हा काढलं. तीन दिवस तो त्या भिंगाला दोष देत होता. चौथ्या दिवशी त्याने यंत्र खाली ठेवून नुसता उजवा डोळा मिटला आणि खिडकीकडे बघितलं. खिडकीची फक्त कडी दिसली. बाकी खिडकी धुराने भरली होती.

सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस तपासलं. काचबिंदू. "काका, नळीतून बघितल्यासारखं दिसतं ना या डोळ्याने?"

"हो."

"ती नळी आता बारीक होत जाईल. गेलेली नजर परत येत नसते. उजवा आपण वाचवू. थेंब चुकवू नका."

"डावा किती दिवस?"

"सांगता येत नाही. ताण पडला, थकला, तर काही वेळ अजिबातच दिसणार नाही."

"दोन्हींनी मिळून एकदा बघायचं हाय," श्रावण म्हणाला. बाईंना वाटलं, दोन्ही डोळे वाचवा म्हणतो आहे. त्यांनी पुन्हा शांतपणे सगळं समजावून सांगितलं.

एका डोळ्याने जगता येतं. स्वयंपाक होतो, रस्ता ओलांडता येतो, टीव्ही बघता येतो. एका डोळ्याने हे यंत्र मात्र बघता येत नाही. पंधरा वर्षं त्याने दुसऱ्यांचे पूल आणि डोंगर जुळवून दिले होते आणि आपला पुठ्ठा ठेवून दिला होता, कारण कांता आज ना उद्या बोलेल, आणि डोळे तर काय, असतातच.

मार्चच्या एका गुरुवारी तो नागपूरच्या साहेबांचा नग कापडात गुंडाळून पिशवीत घालू लागला. लोकांचा नग त्याने कधी घराबाहेर नेला नव्हता. बायको सुलोचना दारात उभी होती. "कुठं चालले?"

"वडनेरले."

"दहा वर्षांनं बहीण आठवली," ती म्हणाली. "अन् थेबी एका डोळ्यानं." मग आत जाऊन तिने भुईमुगाच्या शेंगांची पिशवी आणून त्याच्या हातात दिली. "रिकाम्या हातानं नका जाऊ."

पुलगावहून वर्धा, वर्ध्याहून हिंगणघाट, हिंगणघाटहून वडनेर. तिन्ही गाड्यांत तो डावीकडच्या खिडकीशी बसला, म्हणजे त्या बाजूने कोणी येणार नाही. पिशवी मांडीवर. दर अर्ध्या तासाने तो उजवा डोळा मिटून बाहेर बघायचा. एक तारेचा खांब. खांबाभोवती धूर. मग पुढचा खांब. वाटेतलं जाम गाव मागे पडल्यावर त्याला वाटलं की सकाळपेक्षा धूर जास्त आहे, आणि त्याने बघणं बंद केलं. बघण्यानेच संपत असेल तर.

कांताच्या अंगणात बाजेवर कुरड्या वाळत होत्या आणि त्यांच्याजवळ काठी घेऊन कांता बसली होती. सून काजल पाण्याची बादली घेऊन येत होती, तिने आधी बघितलं. "जयभीम, मामाजी! या, या. आई, पुलगावचे मामा आले."

कांताने कुरडीवरची माशी हाकलली. "पुलगावात आपलं कोणी राह्यते, हे मले आजच समजलं."

"बाई, बरी हायेस?"

"मेली असती त निरोप भेटला असता. पाणी दे वं काजल, लंबून आला थो. पिशवीत काय हाय? आता कोणाची माय विकाले काढली?"

"शेंगा हायेत."

"अन् दुसऱ्या पिशवीत?"

श्रावण खाली बसला. काजलने पाण्याचा तांब्या त्याच्या डाव्या बाजूला, बाजेच्या कडेवर ठेवला. त्याने पिशवी सरकवायला हात नेला आणि तांब्या उलटून पाणी अर्ध्या कुरड्यांवर गेलं.

"अरे, अरे! आंधळा हायेस का?" कांता ओरडली.

"हो," श्रावण म्हणाला. "डाव्या डोळ्यानं."

काजल कुरड्या उचलायला वाकली होती ती तशीच थांबली. कांताने काठी खाली ठेवली. मग त्याने सगळं सांगितलं. सांगायला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला. यंत्र कापडातून काढून तिच्यासमोर ठेवलं, साहेबांनी नगासोबत पाठवलेला एक पुठ्ठा लावून काजलला बघायला दिला. काजल "बाप्पा!" म्हणाली आणि हसली.

कांता हसली नाही. "म्हणजे दोन सारखे नव्हते?"

"नव्हते. थोडासा फरक. आपल्या दोन डोळ्यांमधात जेवढी जागा राह्यते, तेवढा."

"हे तुले कवा समजलं?"

"पंधरा वर्षं झाले."

"मंग मांगच्या टायमाले आलता तवा काऊन नाई सांगतलं?"

"लाज वाटली. म्याच कापले ना."

"नत्थूकाकानं कापाले लावले."

"कैची माह्या हाती होती, बाई."

कांता उठली, आत गेली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली प्लायवूडचा एक चौकोन टांगलेला होता, तो घेऊन आली. पाच डोंगर-तळी तिच्या पोरांनी शाळेच्या वह्यांवर चिकटवून केव्हाच संपवली होती. माय तिने खळीने प्लायवूडवर डकवली होती. काच नाही. दर वैशाख पौर्णिमेला आणि मायच्या तिथीला ती ओल्या फडक्याने फोटो पुसायची, आणि मग तोंडावरून बोटं फिरवायची. तेहतीस-चौतीस वर्षं. नंतर पुसायला काही उरलं नाही.

श्रावणने उजव्या डोळ्याने बघितलं. पायऱ्या होत्या. भिंत होती. हात होता, पुसट पण होता. पदराच्या आत तोंडाच्या जागी कागदाचा पांढरा खड्डा.

"म्या पुसलं," कांता म्हणाली. "देखरेख केली का पुसलं, आता काय म्हणाव?"

"हात हाय. हात जुळला त बस झालं."

प्लायवूड यंत्रात बसणार नव्हतं. फोटो सोडवायला हवा होता. काजलने चुलीवर पातेलं ठेवलं, पाणी उकळलं, आणि श्रावण वाफेवर चौकोन धरून बसला. एका डोळ्याने त्याला ब्लेडचं टोक आणि कागदाची कड यांतलं अंतर समजेना. दोनदा ब्लेड लाकडात रुतलं. कांताने त्याच्या हातातून ते काढून घेतलं.

"सरक. फाटली त माह्या हातून फाटू दे. तुह्या वाट्याले एक कापणं पुरे झालं."

ती मोतीबिंदू काढून आलेल्या दोन स्वच्छ डोळ्यांनी, ओठ दाताखाली धरून, कडेकडेने सोडवत गेली. एक कोपरा राहिला लाकडावर. बाकी अख्खी माय सुटली, ओली, वळलेली. फडक्यात दाबून वाळवली, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बसवली. तोवर दुपार कलली होती. अंगणात अजून झगझगीत ऊन होतं.

श्रावणने आपला अर्धा भाग उजवीकडे ठेवला, कांताचा डावीकडे. जसा नत्थूकाकाने उजेडात धरला होता तसा. टोप कपाळाला लावला.

काही वेळ नुसता उजव्या डोळ्याचा फोटो. मग डाव्या धुराच्या नळीत काहीतरी हललं, सरकलं, बसलं. आणि मायचा हात मागे गेला. छातीच्या आत गेला. छातीत एक भोक पडलं आणि हात त्याच्यातून मागच्या भिंतीपलीकडे काही शोधत असल्यासारखा आत, आत गेला. भिंत पुढे आली होती, मायच्याही पुढे, आणि पायऱ्या उलट्या उतरत होत्या. माय भिंतीच्या मागे उभी होती आणि हात अजून मागे.

त्याने टोप काढला. त्याचं तोंड बघून काजल दोन पावलं मागे सरली.

"काय दिसलं?" कांता म्हणाली. "सांगशीन का नाई?"

एवढी वर्षं या कामात घालवल्यावर त्याला हे कळायला हवं होतं. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कागदावर उतरतो तेव्हा बाजू उलटलेल्या असतात. डाव्या डोळ्याचा उजवीकडे, उजव्याचा डावीकडे. पुठ्ठ्यावर डकवण्याआधी तो मधोमध कापून बाजू बदलायच्या असतात. मडमने बदलल्या नव्हत्या. तिने तसाच डकवला, यंत्रात बघितला, तिलाही भिंतीच्या मागे गेलेली बाई दिसली असणार. बिघडलेला पुठ्ठा. म्हणून रुख्माबाईलाच देऊन टाकला.

"कापायचाच होता हा," श्रावण म्हणाला. "मडमचं कापणं राह्यलं होतं."

"म्हणजे तू बरोबर कापलं?"

"बरोबर कापलं. अन् मंग एक तुले देल्ला, एक मले ठेवला."

कांता हसली, कोरडी, खोकल्यासारखी. श्रावणला हसू आलं नाही. पंधरा वर्षं बाळगलेला अपराध हातातून निसटला होता आणि त्याच्या जागी काही आलं नव्हतं. त्याने बाजू बदलल्या. आता त्याचा स्वच्छ अर्धा भाग डावीकडे गेला, नळीवाल्या डोळ्यासमोर; आणि कांताचा पुसलेला उजवीकडे, चांगल्या डोळ्यासमोर. टोप लावला.

पांढरा खड्डा. पायऱ्या. पुसट हात, सपाट. डावीकडे धूर.

त्याने डोळा मिटला, उघडला. थेंब घातले. अंगणात सावली कुठे आहे ती शोधून तिथे बसला, मग उन्हात बसला. धूरच. मघाच्या त्या दहा-बारा सेकंदांत, चुकीच्या बाजूने बघण्यात, डोळ्याने जे होतं ते खर्च करून टाकलं होतं.

"बाई, तू पाय," तो शेवटी म्हणाला.

कांताने यंत्र भांडं धरावं तसं दोन्ही हातांनी धरलं. त्याने पट्टी सरकवली. "दोन दिसून राह्यले," ती म्हणाली. "दोन... आता..." आणि तिने डोकं झटक्याने मागे घेतलं. "माय वं!"

"हात कुठं हाय?"

"माह्या नाकाजवळ आला."

"पुन्हा पाय. पंजा कसा हाय? बोटं तुह्याकडं हायेत, घे म्हणते तशी? का वर?"

ती बघत होती. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"बाई."

"वर."

"नीट पाय."

"नीटच पाहून राह्यली. बोटं वर हायेत. पंजा आडवा धरला हाय तिनं, पुरा. नको म्हणून राह्यली थे. मडमले."

"तोंड?"

"तोंड येते अन् जाते. एका डोळ्यानं दिसते, दुसऱ्यानं पुसून जाते." ती थांबली. "रागात नाई. थकलेली हाय. नको म्हणते नुसती."

तिचं म्हणणं लहानपणापासून खरं होतं, पण तिच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. तिने यंत्र मांडीवर ठेवलं. जगात मायचा एकच फोटो, आणि त्यात ती आपला फोटो नको म्हणते आहे. आणि दोघांनी ते अर्धं-अर्धं जपलं, एकाने डब्यात, एकीने भिंतीवर.

"जिले नको होतं तिले भिंतीवर कायले टांगू आता?" कांता म्हणाली, कोणालाच नाही.

"मले दे," श्रावण म्हणाला.

"तुले नाई दिसणार. सांगतलं ना म्या तुले."

"मले पाहू दे, बाई."

"श्रावण, डोळ्याले आराम दे. उद्या सकाळी पाय. इथंच राह्य आज."

"उद्या नळी असन का नाई कोण जाणे. तू म्हणते बोटं वर हायेत. असतीन. पण मले पाहू दे. नको म्हणते त नको म्हणताना पाहू दे."

कांताने काजलकडे बघितलं. काजलने कुरड्यांच्या बाजेवर फडकं टाकलं आणि ती आत गेली. मग कांता त्याच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि त्याने टोप कपाळावर इतका दाबला की झिजलेल्या मखमलीखालचा पत्रा कातडीत रुतला. पट्टी कांताच्या हातात.

"पुढं घे," तो म्हणाला.

तिने पुढे घेतली.

"अजून."

ऊन बाजेवरून उतरून भिंतीला लागलं होतं.

"दिसलं काही?"

"अजून पुढं."

"आता सरकत नाई. दांडी संपली."

"मंग मांगं घे."

कांताने पट्टी मागे घेतली.

"हळू," तो म्हणाला.